सिगारेट महागली, खर्र्याचं काय? विदर्भातल्या ६२ आमदारांना खुले पत्र

सन्माननीय आमदार महोदय आणि महोदया,

विदर्भातून विधानसभेवर ६२ जण निवडून जातात. पक्ष कोणताही असो, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. ज्यांच्या स्वतःच्या खिशात आत्ता खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या लगद्याची, पुडी आहे त्यांनाही. मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. दात काढणं, सिमेंट भरणं, कवळ्या बसवणं हा माझा धंदा. पण अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळांचे मागचे दात मला नीट पाहायलाच मिळत नाहीत, कारण त्यांचं तोंड उघडत नाही.

तपासायची रीत सोपी आहे, तुम्हीही करून पाहा. आपल्याच हाताची तीन बोटं जोडायची आणि उभी तोंडात घालायची. धडधाकट माणसाच्या तोंडात ती जातात. माझ्या खुर्चीत बसलेल्या बाविशीतल्या पोराची दोन जात नाहीत. गालाच्या आत बोट फिरवलं तर जिथे मऊ लागायला हवं तिथे कडक पट्टे हाताला लागतात, कातडी पांढुरकी पडलेली असते, जीभ बाहेर काढायला सांगितली तर ओठांच्या जरा पुढे येऊन थांबते. डॉक्टरी भाषेत याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी सतत चघळल्याने होतो, आणि एकदा आवळलेलं तोंड औषधाने पहिल्यासारखं होत नाही. यातल्या काही जणांना पुढे कर्करोग होतो.

याचं पहिलं लक्षण मी घरच्या बायांना सांगून ठेवलं आहे: माणूस तिखटाला भिऊ लागतो. आमच्याकडचा गडी सावजी रस्सा ओरपता ओरपता एकाएकी भाजी बाजूला सारून वरण मागू लागला, की समजावं. एक मावशी मुलाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "डाक्टर, हा आजकाल मिरचीच खात नाही जी, पोट बिघडलं वाटते." पोट चांगलं होतं. खिशात खर्र्याची पन्नी होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेट, जर्दा, पानमसाला यांच्यावर ४० टक्के जीएसटी आणि त्याच्यावर वेगळं शुल्क लागू झालं. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले, टीव्हीवर चर्चा झाल्या, तंबाखूवर सरकारने बडगा उगारला असं सगळ्यांना वाटलं. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण माझ्या दवाखान्याच्या खिडकीतून जो पानठेला दिसतो, तिथे सिगारेट ओढणारा एखादाच असतो. बाकी सगळे घोटायची वाट पाहत उभे. आकडाही हेच सांगतो. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले, आणि बिडी-सिगारेट ओढणारे सगळे मिळून ३.८ टक्के. म्हणजे महाराष्ट्र तंबाखू खातो, ओढत नाही. आणि विदर्भ ती खर्र्यातून खातो.

मुंबई-पुण्याकडचं कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. ठेलेवाला जाड प्लास्टिकच्या तुकड्यावर भाजलेली, बारीक कातरलेली सुपारी मूठभर घेतो, वर चिमूटभर तंबाखू, चुना, पाण्याचे दोन थेंब. मग तुकडा दुमडून पाटीवर जोर लावून घोटतो, इतका की सुपारी गरम होऊन ओलसर, काळपट होते. तो लगदा पन्नीत बांधला की झाला खर्रा. त्याला कारखाना नाही, वेष्टन नाही, वेष्टनावरचं सडलेल्या तोंडाचं चित्र नाही, छापील किंमत नाही, बिल नाही. आणि बिल नाही तिथे कर कुठून येणार?

पुडीत काय काय असतं आणि त्यातल्या कशावर किती कर आहे, हे एकदा बघा. पुडीत सर्वात जास्त असते सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध मानलं. आपल्या देशात त्याच वाळलेल्या सुपारीवर जीएसटी आहे ५ टक्के. साखरेवर तेवढाच आहे. पूजेच्या सुपारीचं काय, असं कुणीतरी नक्की विचारेल. पूजेला सुपारी लागते एक, आणि पुष्कळदा तीच पुढच्या पूजेला चालते. नागपूर ही सुपारीची एवढी मोठी बाजारपेठ काही सत्यनारायणामुळे झालेली नाही.

दुसरी वस्तू सुगंधित तंबाखू. हिच्यावर तर महाराष्ट्रात बंदीच आहे. २०१२ साली राज्याने अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा-पानमसाला बंद केला, पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा आणि खर्राही आला. दरवर्षी बंदीचा आदेश नव्याने निघतो. आणि दरवर्षी मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाच्या सीमेवरून माल येतो. अधूनमधून एखादी गाडी पकडली जाते, पोत्यांच्या राशीसमोर उभं राहून फोटो काढले जातात, बातमी येते. ठेल्यावर त्या दिवशीही खर्रा मिळतो, फार तर पाच रुपये जास्त. चोरून आलेल्या मालावर सरकारला मिळणारा कर शून्य असतो. कागदावर जिच्यावर सर्वात कडक कारवाई, ती वस्तू प्रत्यक्षात करमुक्त आहे. बंदी उठवा असं मी म्हणत नाही. बंदी ठेवायची तर ठोक व्यापाऱ्याच्या गोदामावर ठेवा, घोटणाऱ्या पोराची टपरी उचलून नेण्यात काही अर्थ नाही.

तिसरा चुना. तो जवळपास फुकट.

खर्र्याचं झालं. बिडीची गोष्ट त्याहून चीड आणणारी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेची बैठक झाली. सिगारेट आणि जर्द्याला ४० टक्क्यांत टाकायचं ठरलं, आणि त्याच बैठकीत बिडी २८ टक्क्यांवरून १८ वर आणली. तेंदूपत्ता १८ वरून ५ वर. बिडीवर जीएसटीतला उपकर आधीही नव्हता. तंबाखूच्या किरकोळ किमतीत कर निदान ७५ टक्के असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे बिडीत तो २२ टक्क्यांच्या आसपास होता, तेव्हासुद्धा. मग कमी करायची गरज कुणाला वाटली? बिडी गरिबाची म्हणून तिला सूट, ही दया मला कळत नाही. धूर फुप्फुसात गेल्यावर ओढणाऱ्याचं रेशनकार्ड कोणत्या रंगाचं ते विचारत नाही.

त्या परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. राज्यांनी ठरवलं तर केंद्राला अडवता येतं, भाग मात्र पाडता येत नाही, कारण केंद्राशिवाय तीन चतुर्थांश होत नाहीत. म्हणून "कर तर दिल्लीत ठरतो, आमच्या हातात काय" हे उत्तर तुमच्यापैकी कुणी देऊ नये. दिल्लीत आपल्या राज्याने काय भूमिका घ्यावी, हे सभागृहात विचारायचं काम तुमचंच आहे.

हरकत कोणती येणार ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या गावच्या चौकात ती रोज ऐकतो. कर वाढवला तर मजूरच मरेल, साहेब लोकांना काय फरक पडतो. यात थोडं खरं आहे, आणि ते आधी मान्य करतो. तीस वर्षं खर्रा खाणारा साठीचा माणूस पुडी दहा रुपयांनी वाढली म्हणून सोडणार नाही. तो किराण्यातलं तेल कमी करील, नाहीतर बायकोच्या मजुरीतून मागून घेईल. त्याच्या घराला चटका बसणार. पण आज काय चालू आहे? २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. तीस रुपयांच्या तीन पुड्या दिवसाला, हे आमच्याकडे फार समजलं जात नाही. धानाच्या रोवण्याला तर शेतमालक मजुरांना चहाच्या जोडीला खर्रा पुरवतो, बायांनाही. नव्वद रुपये आजही जातात. ते सरकारच्या तिजोरीत जात नाहीत एवढंच.

माझा रोख साठीच्या माणसावर नाहीच. तो आहे आठवी-नववीतल्या पोरावर, ज्याला मोठी माणसं "जा रे, एक खर्रा घेऊन ये" म्हणून ठेल्यावर धाडतात. आधी तो आणतो, मग त्यातला चिमूटभर चाखतो, मग दोस्तांत वर्गणी काढून एक पुडी घेतो. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री करायची नाही हा कायदा २००३ चा आहे. शंभर यार्ड आमच्याकडे कुणी मोजले असतील असं वाटत नाही. या पोराच्या खिशात पैसे थोडे असतात. त्यामुळे किमतीचा परिणाम सर्वात जास्त त्याच्यावर होतो. जगभरचा अनुभव असा की आपल्यासारख्या देशांत तंबाखूची किंमत १० टक्क्यांनी वाढली तर खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो, आणि घटणाऱ्यांत पोरं आणि गरीब पुढे असतात. माझ्याकडच्या आवळलेल्या तोंडांपैकी बहुतेकांची सुरुवात मिसरूड फुटण्याआधीची आहे.

दुसरी हरकत पोटापाण्याची, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. भंडारा-गोंदियात घरोघरी बाया बिड्या वळत आल्या. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे वर्षातला रोख पैसा. पहाटे जंगलात जायचं, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. वनहक्क मिळालेल्या कितीतरी ग्रामसभा आता स्वतः पत्ता विकतात. त्या पैशाला हात लावा असं कोण म्हणेल? पत्त्यावरचा कर ५ टक्के झाला, तो राहू द्या. पण बिडीवर जे १० टक्के कमी झाले, त्यातला एक पैसा तरी हजार बिड्या वळणाऱ्या बाईच्या मजुरीत आला का? तुमच्या मतदारसंघातल्या एखाद्या वळणारीला विचारून बघा. या बायांसाठी १९७६ च्या कायद्याने एक वेगळा उपकर होता. त्यातून त्यांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरं असा खर्च व्हायचा. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. बिडी कामगारांच्या नावाने कर कमी करा म्हणणारे तेव्हा कुठे होते, हे मला शोधूनही सापडत नाही. कर परत वाढवा आणि त्यातला वाटा त्या बायांसाठी बांधून द्या, मग त्यांचं नाव घ्या.

यातून मी पैशाकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

तंबाखूमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांचा देशाला २०१७-१८ मध्ये १ लाख ७७ हजार कोटींहून जास्त भुर्दंड पडला, असा हिशेब झालेला आहे. देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहून तो अधिक होतो. पण एवढे शून्य पाहून कुणाला काही वाटत नाही, म्हणून एका घराचं सांगतो. गालातल्या जखमेचा तुकडा तपासायचा तर आमच्या तालुक्यात सोय नाही. नागपूर नाहीतर सेवाग्राम. एसटीने जायला अर्धा दिवस, तपासणीला एक फेरी, रिपोर्टला दुसरी, ऑपरेशनच्या तारखेला तिसरी. ऑपरेशनचे पैसे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मिळतात, पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि ही योजना चांगली आहे हे मी मोकळेपणाने सांगतो. पण तिकिटाचे, सोबत राहणाऱ्या सुनेच्या बुडालेल्या मजुरीचे, रेडिएशनच्या दिवसांत तिथे राहण्या-खाण्याचे पैसे कुठून येतात? एकर-अर्धा एकर धानाची बांधी गहाण पडते, नाहीतर बैलजोडी विकली जाते. काही जण दुसऱ्या फेरीलाच जात नाहीत. माझ्याकडे ते महिन्यांनी परत येतात. तोवर जखम गालाबाहेर आलेली असते.

सरकारी कार्यक्रमात तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आहे, आशाताई घरोघर फॉर्मही भरतात. पण ती वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. आमच्याकडे तेराव्या वर्षी पहिली पुडी आणि विशीत तोंड बंद! ही वयाची अट खर्र्याच्या प्रदेशासाठी बदलायला हवी. एका ग्रामीण रुग्णालयात, नाव घेत नाही, दातांची खुर्ची आहे, वर दिवाही लागतो, आणि खुर्चीवर औषधांची खोकी रचून ठेवलेली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड तपासायला टॉर्च आणि दोन बोटं पुरतात, शिकवलं तर नर्सताईही करू शकतात. संशयित जखमेचा तुकडा तालुक्यालाच काढून नागपूरला पाठवता येतो, माणसाला पाठवायची गरज नसते. सोडू पाहणाऱ्याला महिना-दोन महिने कुणीतरी विचारत राहावं लागतं, निकोटिनच्या गोळ्या लागतात. हे सगळं करायला काही कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाने गावोगावी विक्री बंद करून दाखवली, बायांनी ठेलेवाल्यांना भर चौकात जाब विचारला. पण गावाने बंद केलं तरी तालुक्याचा ठेला चालूच राहतो, आणि तिथली पुडी स्वस्त राहते.

म्हणून कराचा पैसा बांधून द्या. ४० टक्के जीएसटीतले निम्मे, म्हणजे २०, राज्याच्या वाट्याचे आहेत. नव्या उत्पादन शुल्कातलाही हिस्सा वित्त आयोगाच्या वाटपातून राज्याला येतो. वित्त विभागाचे अधिकारी सांगतील की एका करातला पैसा एका कामाला बांधणं शिस्तीत बसत नाही. त्यांना महाराष्ट्राचाच इतिहास आठवून द्या. दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. तो कर मी आजही भरतो, वर्षाला अडीच हजार. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या हातापर्यंत नेण्याची ही कल्पना देशात सर्वात आधी याच राज्याने अमलात आणली. फिलिपिन्सने तर २०१२ साली तंबाखू-दारूवरचा कर वाढवून वाढीव पैशातला मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्यविम्याला दिला, आणि तो देश काही श्रीमंत नाही. आपल्याला जमणार नाही असं त्यात काय आहे?

एक शंका मलाही आहे, लपवत नाही. कर वाढला की चोरटा माल वाढतो. सीमेवरचे जिल्हे आमचेच, त्यामुळे हे आम्हालाच आधी भोगावं लागेल. पण चोरीचा धंदा आज, कमी करातही, फोफावलेलाच आहे. तो कराच्या दरावर चालत नाही. कुणाच्या आशीर्वादाने चालतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असावं, पोलीस ठाण्यात तुमचा फोन लागतो, माझा लागत नाही.

निवडणुकीच्या काळात कार्यकर्त्यांच्या जेवणाबरोबर खर्र्याचीही सोय केली जाते, हे मंडईच्या जत्रेपासून शंकरपटाच्या बैलशर्यतीपर्यंत सगळीकडे पाहिलं आहे. येत्या वेळी तेवढं तरी टाळा. त्याला ना कायदा लागतो, ना परिषदेची मंजुरी.

डिसेंबरात अधिवेशन नागपूरला भरेल. नागपूर करारामुळे सरकार काही दिवस आमच्या दारी येतं, त्यात विदर्भाचे प्रश्न म्हणून संत्रा, कापूस, सिंचन, अनुशेष हे ठरलेले विषय निघतात. हाही काढा. तुमचं काम सोपं व्हावं म्हणून तारांकित प्रश्नाचा मसुदा तयार केला आहे. ६२ पैकी कुणीही आपलं नाव घालून तो दाखल करावा, माझी काही हरकत नाही:

"सन्माननीय वित्तमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? (१) बिडीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्याच्या निर्णयाच्या वेळी राज्य शासनाने परिषदेत कोणती भूमिका मांडली. (२) बिडीवरील कर इतर तंबाखूच्या बरोबरीने आणावा आणि वाळलेल्या सुपारीवरील ५ टक्के कर वाढवावा, असा प्रस्ताव शासन परिषदेपुढे ठेवणार आहे काय, असल्यास केव्हा, नसल्यास कोणत्या कारणास्तव. (३) तंबाखूजन्य पदार्थांवरील करातून राज्यास गेल्या तीन वर्षांत किती रक्कम मिळाली, आणि त्यापैकी विदर्भातील प्राथमिक आरोग्य केंद्रे व ग्रामीण रुग्णालये यांत तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीवर जिल्हानिहाय किती खर्च झाला?"

आपला,
झाडीपट्टीतला एक दंतवैद्य